अपत्यसंगोपन आणि लोकापवाद : पंडिता रमाबाईंच्या लेखनातील तीन प्रसंग

१

रूढीला न जुमानता आपली मुले वाढविणाऱ्या मातापित्यांचे चित्रण मराठी चरित्र-आत्मचरित्रपर वाङ्मयात पुष्कळ ठिकाणी आढळते. ह्या चित्रणाचा एक ठराविक साचा बनून गेलेला आहे. एका बाजूस धैर्यशील पालक, दुसऱ्या बाजूस कुत्सित भाऊबंद आणि सनातनी गाव. मध्ये काही वर्षांची उपेक्षा. आणि अखेरीस कर्तबगार अपत्याच्या रूपाने पालकास मिळालेला न्याय. वाचकाला हा साचा प्रिय वाटतो, ह्यात आश्चर्य नाही. परंतु त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. पालक आपल्या निर्णयास चिकटून राहिला एवढ्यावरून तो निर्णय योग्य ठरत नाही. हट्ट आणि निष्ठा ह्यांचे बाह्य रूप पुष्कळदा एकच असते. शिवाय, टीका करणारे सगळे एका जातीचे नसतात. परक्याची निंदा सोसणे वेगळे, आणि जिच्या अन्नावर आपण व आपले मूल वाढत आहे अशा हितकर्तीचा उपदेश नाकारणे वेगळे.

ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार करण्यास पंडिता रमाबाईंच्या लेखनाइतके उपयुक्त साहित्य मराठी अभ्यासकाला क्वचितच सापडेल. रमाबाई ह्या रूढीविरुद्ध वाढविल्या गेलेल्या कन्या होत्या. रूढीविरुद्ध कन्या वाढविणाऱ्या माता होत्या. आणि पुढे इतरांच्या मुली आपल्या छत्राखाली घेणाऱ्या पालकही झाल्या. तिन्ही भूमिकांत त्यांच्या घराण्याला लोकांपुढे उत्तर द्यावे लागले. उडुपी, वाँटेज आणि पुणे ही त्या तीन उत्तरांची स्थळे होत. प्रस्तुत लेखात ह्या तीन प्रसंगांतील समर्थनाचे स्वरूप तपासून, ते समर्थन कोणत्या आधारावर उभे आहे आणि तो आधार कोठवर पुरतो, हे पाहण्याचा हेतू आहे.

२

पहिला प्रसंग रमाबाईंच्या जन्मापूर्वीचा आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे रामचंद्रशास्त्री साठे ह्यांचे शिष्य. हे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत, आणि स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांच्या मनात आपल्या घरीही असे व्हावे ही इच्छा उत्पन्न झाली. पहिल्या पत्नीला शिकविण्याचा त्यांचा प्रयत्न घरातूनच विरोध झाल्यामुळे फसला. तिच्या निधनानंतर त्यांनी लक्ष्मीबाईंशी विवाह केला, तेव्हा वधू अवघी नऊ वर्षांची होती. ह्या मुलीला त्यांनी संस्कृत शिकविण्यास आरंभ करताच गवगवा झाला, आणि माध्व संप्रदायाच्या धर्मगुरूंपुढे उडुपी येथे त्यांना आपल्या वर्तनाचा जाब द्यावा लागला.

ह्या प्रसंगाचे जे वर्णन रमाबाईंनी केले आहे ते त्यांच्या १९०७ सालच्या, मूळ इंग्रजीत लिहिलेल्या आणि मराठीत ‘माझी साक्ष’ ह्या नावाने परिचित असलेल्या आत्मनिवेदनात. ते वाचताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. शास्त्रीबोवांनी सभेपुढे बंडाची भाषा वापरलेली नाही. स्त्रियांनी पुराणादी संस्कृत वाङ्मय शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, एवढेच त्यांनी प्रमाणे देऊन सिद्ध केले. वेदाध्ययनाचा अधिकार त्यांनी मागितला नाही, आणि तो असावा असे त्यांचे मतही नव्हते. सभेचे समाधान झाले. ते बहिष्कृत झाले नाहीत. कन्येने त्यांना कर्मठ असूनही सुधारक, अशा आशयाचे जे विशेषण लावले आहे ते अगदी मोजून लावलेले आहे.

ह्या समर्थनाचे बळ आणि मर्यादा ह्या दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. टीकाकार ज्या ग्रंथांस प्रमाण मानतात त्यांच्यातूनच आपली बाजू मांडल्यामुळे शास्त्रीबोवा जिंकले. पण त्याच कारणाने त्यांचे स्वातंत्र्य त्या ग्रंथांच्या मर्यादेत बंदिस्त राहिले. शास्त्राने दिलेली मुभा ही शास्त्राने काढून घेता येण्याजोगीही असते. आणि ज्या मुलीच्या शिक्षणासाठी हा वाद झाला तिला शिकावयाचे होते की नाही, हा प्रश्न सभेत निघाला नाही, निघण्याचे कारणही नव्हते. लक्ष्मीबाई शिकण्यास राजी होत्या, असे कन्या आवर्जून नोंदविते. सभेच्या निर्णयात मात्र त्या राजीपणाला स्थान नाही.

ह्या घरात २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. थोरल्या मुलीचा बालविवाह दुःखकारक ठरल्याने धाकटीच्या बाबतीत मातापित्यांनी दुसरा मार्ग धरला. १८७४ साली वडील वारले तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या आणि अविवाहित होत्या. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात ही केवढी गोष्ट होती, हे सांगावयास नको. भटकंती करणाऱ्या पौराणिकाच्या कुटुंबाला एका गावाचा दाब नसतो, हे खरे. पण त्याला कोणत्याच गावाचा आधारही नसतो.

हा आधार नसणे म्हणजे काय, हे दुष्काळाने दाखविले. ‘माझी साक्ष’मधील दुष्काळाची पाने ही त्या पुस्तकातील सर्वांत कठोर पाने होत. पैसा संपला, दागिने संपले, भांडी संपली. अन्नाविना दिवस काढताना पित्याने जलसमाधीचा विचार केला. मुलांना संस्कृत येत होते, भागवत मुखोद्गत होते. परंतु अंगमेहनतीचे काम करून पोट भरण्याची त्यांना सवय नव्हती आणि भीक मागण्याचीही नव्हती. पवित्र ग्रंथांपलीकडच्या जगाविषयी आपण पूर्ण अज्ञानात वाढलो, असे रमाबाई तेथे स्पष्टपणे सांगतात. ह्या स्पष्टोक्तीत तक्रारीचा सूर नाही. पण ती झाकून ठेवण्याची इच्छाही नाही. मुलगी पित्याचे ऋण मानते, आणि त्या ऋणाच्या वहीत पित्याच्या नावे राहिलेली बाकीही लिहून ठेवते.

टीकेच्या दृष्टीने ह्या पुस्तकाचे मोल येथे आहे. उडुपीच्या सभेने दिलेला निवाडा निर्दोषत्वाचा होता. अपत्याने दिलेला निवाडा त्याहून खोल आहे, कारण तो एकाच वेळी कृतज्ञ आणि हिशेबी आहे. वडिलांनी अखेरचा निरोप घेताना आपल्या धाकट्या कन्येला ईश्वराच्या हाती सोपविले, हा प्रसंग त्या ज्या रीतीने सांगतात त्यात आणखी एक सूक्ष्म अर्थ दडलेला दिसतो. तत्कालीन पिता मुलीला पतीच्या हाती सोपवीत असे. अनंतशास्त्र्यांपाशी त्या क्षणी जावई नव्हता. रूढीच्या दृष्टीने जे न्यून, तेच कन्येच्या आठवणीत स्वातंत्र्याचे दानपत्र ठरले आहे.

३

दुसरा प्रसंग मराठी वाचकाला तुलनेने कमी परिचयाचा आहे, आणि वाङ्मयीन दृष्ट्या अधिक गुंतागुंतीचा आहे. १८८० साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती निवर्तले. त्याच वर्षी पुण्यास आल्यावर त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केली. ह्या पुस्तकात अपत्यांच्या पालनपोषणाविषयी एक प्रकरण आहे. कडेवर वर्षाचे मूल असलेली ही विधवा माता त्यात आपल्या स्थितीविषयी काही बोलत नाही. ती गुरुस्थानावरून उपदेश करते. वाक्ये विध्यर्थी आहेत, शंकेला जागा नाही. सर्वसामान्य मुलाविषयी लिहिताना रमाबाईंचा स्वर असा निश्चित आहे. स्वतःच्या मुलीविषयी लिहावयाची वेळ आली तेव्हा तो स्वर पार बदलला.

१८८३ साली त्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या धर्मभगिनींच्या आश्रयास राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकू-शिकवू लागल्या, त्या काळात मनोरमेच्या देखभालीचा बराच भार वाँटेजच्या भगिनींनी वाहिला. येथून वादास सुरुवात झाली. मुलीला कोणते धर्मतत्त्व, कोणत्या वयात आणि कोणाच्या अनुज्ञेने शिकवावे? त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंच्या स्वतःच्या बुद्धीला पटलेला नव्हता. जे आपल्याला पटत नाही ते आपल्या अजाण मुलीच्या तोंडी घालू नये, असा त्यांचा आग्रह होता. सिस्टर जेराल्डिन ह्यांचे म्हणणे असे की, बाप्तिस्मा झालेल्या बालकाविषयी चर्चला कर्तव्य आहे, आणि नवदीक्षित मातेच्या अपुऱ्या समजुतीपायी त्या कर्तव्यात कसूर होता कामा नये.

हा पत्रव्यवहार अ. भि. शहा ह्यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. तो वाचताना दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली अशी की, ही पत्रे मुळात संकलित केली ती सिस्टर जेराल्डिन ह्यांनीच. म्हणजे ज्या टीकाकर्तीस रमाबाई उत्तर देत आहेत तिनेच ते उत्तर जपून ठेवले. उडुपीच्या वादाची कथा पालकाच्या पक्षाकडून आपल्यापर्यंत आली. वाँटेजच्या वादाची कागदपत्रे प्रतिपक्षाच्या हातून आली. एका अर्थी त्यामुळेच ती अधिक विश्वसनीय आहेत: आपले समर्थन कसे दिसेल ह्याची सोय रमाबाईंना करता आलेली नाही.

दुसरी गोष्ट संबोधनाची. ह्या पत्रांत रमाबाई सिस्टर जेराल्डिन ह्यांना ‘आजीबाई’ म्हणतात. मराठी घरात नातवंडांच्या वळणावरून सुनेला किंवा लेकीला बोलण्याचा अधिकार ज्या स्थानाला असतो, ते स्थान रमाबाईंनी आपण होऊन ह्या परदेशी स्त्रीला दिले होते. म्हणून हा वाद स्वतंत्र स्त्री आणि परकी संस्था ह्यांच्यातील वाद एवढ्यापुरता राहत नाही. त्यात घरातील वडीलधाऱ्या माणसाशी होणाऱ्या वादाची सगळी अडचण आहे. ज्या हाताने मुलीला न्हाऊमाखू घातले त्याच हाताला ‘येथपर्यंतच’ असे सांगावयाचे आहे. उपकार खरे आहेत, प्रेम खरे आहे, आणि तरीही नकार द्यावयाचा आहे. शास्त्रीबोवांना उडुपीस अशी अडचण नव्हती. तेथील पंडितांचे ते काही देणे लागत नव्हते.

ह्या अडचणीतून रमाबाईंनी जी युक्तिवादाची वाट काढली ती तपासण्याजोगी आहे. ग्रंथप्रामाण्याचा आश्रय त्या प्रसंगी घेतात, परंतु वाद त्यावर ठेवीत नाहीत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडविल्यानंतर ती दुसऱ्या जोखडात घालण्यास आपण तयार नाही, हे त्या स्पष्ट करतात. त्यांचा खरा आधार मातेची सदसद्विवेकबुद्धी हा आहे. ह्यापुढे जाऊन त्या एक वेगळाच मुद्दा मांडतात, आणि माझ्या मते संपूर्ण पत्रव्यवहारातील तो सर्वांत महत्त्वाचा होय. आपली मुलगी भारताची कन्या म्हणून वाढावी, स्वदेशबांधवांचे नाव निघताच तिला संकोच वाटू नये, त्यांच्यात ती त्यांच्यापैकी एक म्हणून वावरावी, परकी किंवा वरचढ म्हणून नव्हे, अशा आशयाचे विचार त्यांनी व्यक्त केले आहेत. येथे समर्थनाचा काळ बदलतो. शास्त्रीबोवांचे समर्थन भूतकाळातील वचनांवर उभे होते. रमाबाईंचे समर्थन मुलीच्या भविष्यकाळाकडे पाहते. ती मोठी झाल्यावर कोणत्या लोकांत उभी राहील आणि त्या लोकांना ती काय वाटेल, ह्या प्रश्नाला त्या उत्तर देत आहेत.

तथापि ह्याही समर्थनाला उणी बाजू आहे. अमेरिकेच्या मुक्कामात मनोरमेला काही काळ परत वाँटेजला पाठवावे लागले. ज्यांच्या शिकवणुकीवर आक्षेप, त्यांच्याच घरी मूल ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, ही स्थिती मातेच्या तत्त्वनिष्ठेला शोभादायक नव्हती. आणि सिस्टर जेराल्डिन ह्यांच्या त्राग्यात काही तथ्य होते हे मान्य केले पाहिजे. रोजची देखभाल एकीने करावयाची आणि नियम दुसरीने दुरून घालून द्यावयाचे, ही विभागणी कोणत्याही घरात सुरळीत चालत नाही. शिवाय ह्या सबंध वादात मनोरमा बोलते त्यापेक्षा तिच्याविषयी बोलले जाते तेच फार. आई तिच्या भावी मनाची बाजू मांडते. पण ती बाजू आईनेच कल्पिलेली आहे.

४

तिसरा प्रसंग अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु तो वाँटेजच्या प्रसंगाशेजारी ठेवून क्वचितच वाचला जातो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन १८९० साली पुण्यास आले. विधवा मुलींचे शिक्षण हा त्याचा उद्देश होता आणि धर्माच्या बाबतीत तटस्थता हे त्याचे अभिवचन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. ह्यावरून जे वादळ उठले त्यात ‘केसरी’ने कडाडून टीका केली, १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांच्यासह सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या.

येथे निःपक्षपाती वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्याशिवाय राहत नाही. आईला न पटणारी धर्मतत्त्वे तिच्या मुलीला शिकवू नयेत, हा वाँटेजला सांगितलेला नियम पुण्याच्या पालकांनी रमाबाईंच्या पुढे ठेवला असता तर? आम्ही मुलगी विद्येसाठी पाठविली, प्रार्थनेसाठी नव्हे, असे म्हणणारा पुण्यातील बाप आणि मनोरमेच्या धर्मशिक्षणाला हरकत घेणारी चेल्टनहॅममधील आई, ह्या दोघांची तर्कपद्धती बाह्यतः एकच आहे. रमाबाईंच्या चाहत्यांनी हा प्रश्न टाळणे आणि विरोधकांनी तेवढाच उगाळणे, ह्या दोन्ही गोष्टी अभ्यासाला घातक होत.

प्रश्नाचे उत्तर सरळ नाही, परंतु ते रमाबाईंच्या आचरणात काही अंशी सापडते. वाँटेजला वाद होता तो अगदी लहान, स्वतःचे मत बनविण्यास असमर्थ असलेल्या बालिकेचा; तेथे मातेने मुलीच्या वतीने उभे राहणे क्रमप्राप्त होते. सदनातील मुलींपैकी कित्येक जाणत्या होत्या, आणि त्यांचे विवाह, त्यांचे केशवपन, त्यांचे उपासतापास ठरविताना पालकांनी त्यांना विचारलेले नव्हते. दार उघडे ठेवणे म्हणजे शिकविणे नव्हे, आणि येणारीला हाकलून देणे हेही तटस्थतेचे लक्षण नव्हे, ही रमाबाईंची भूमिका म्हणजे त्यांच्या समर्थनाच्या आधाराने टाकलेले तिसरे पाऊल होय. प्रथम शास्त्र, नंतर मातेची विवेकबुद्धी, आणि आता मुलीची स्वतःची विवेकबुद्धी.

हे पाऊल पुढचे आहे, असे माझे मत आहे; ते पूर्णपणे निर्दोष आहे, असे नाही. जिच्या छत्राखाली मुलगी राहते, जिचे अन्न खाते, जिच्याविषयी तिला अपार आदर आहे, तिचे उघडे दार हे रस्त्यावरील कोणत्याही उघड्या दारासारखे नसते. वाँटेजच्या भगिनींचे घर मनोरमेला असेच उघडे होते. आणि आश्रयातूनच प्रभाव कसा उत्पन्न होतो हे रमाबाईंइतके कोणास ठाऊक होते? ज्या पालकांनी मुली नेल्या त्यांत नुसते रूढिप्रिय होते तसेच दिलेल्या शब्दाचा अर्थ विचारणारेही होते. रानडे-भांडारकरांसारखे मित्र दूर झाले ह्याची संगती केवळ सनातनी वृत्तीने लावता येणार नाही.

५

तिन्ही प्रसंग एकत्र पाहिले असता काय निष्पन्न होते? ज्याला आपण पालकाचा ठामपणा म्हणतो तो ह्या लेखनात एकरूप गुण म्हणून आढळत नाही. प्रत्येक वेळी त्याचा आधार वेगळा आहे, आणि प्रत्येक आधार आधीच्या आधारातील उणीव भरून काढताना स्वतःची नवी उणीव निर्माण करतो. शास्त्राच्या आधाराने मुलीला विद्या मिळाली, पण तिची इच्छा विचारात आली नाही. मातेच्या विवेकाच्या आधाराने परकी सत्ता रोखली गेली, पण मूल तिच्याच घरी राहिले. मुलीच्या विवेकाच्या आधाराने तिला स्वतःचा शब्द मिळाला, पण आश्रयदात्याच्या प्रभावाचा प्रश्न सुटला नाही. म्हणून अशा प्रसंगांचे मूल्यमापन करताना पालक किती टीका सोसून उभा राहिला ही एकच कसोटी लावणे अपुरे आहे. आपल्या समर्थनात त्याने अपत्याला उद्याचा न्यायाधीश म्हणून जागा ठेवली की नाही, ही कसोटी अधिक खरी.

ह्या कसोटीला अनंतशास्त्री, त्यांनी तशी जागा जाणूनबुजून ठेवली नसतानाही, उतरतात. कारण त्यांनी कन्येच्या हाती जी विद्या दिली तिनेच तिला पुढे त्यांचा निवाडा लिहिता आला. मनोरमेच्या बाबतीत आपल्यापाशी निवाड्याऐवजी तिचे कार्य आहे. ती अमेरिकेत शिकली, परत आली, आईच्या संस्थेतील शाळेची धुरा तिने वाहिली, आणि २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी काही महिने तिने इहलोक सोडला. स्वदेशबांधवांत त्यांच्यापैकी एक म्हणून वावरावे, ही वाँटेजच्या वादात आईने धरलेली अपेक्षा तिच्या आयुष्याने पुरी केली, एवढे म्हणता येते. ती अपेक्षा तिला स्वतःला कशी वाटली, हे त्यावरून ठरत नाही.

शेवटी एका अभावाचा निर्देश करावयास हवा. ह्या तिन्ही वादांत मुलीच्या बाजूने कोणीतरी बोलते, आणि ते बोलणे नोंदले जाते. जिने प्रत्यक्ष शिकविले तिची मात्र कोठेही साक्ष झाली नाही. वडील वृद्ध झाल्यामुळे रमाबाईंना आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिकविले ते लक्ष्मीबाईंनी. रेचल बॉडली ह्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ला जोडलेल्या प्रस्तावनेत पहाटेच्या त्या पाठांचे वर्णन आहे: घरकामाचा दिवस सुरू होण्यापूर्वी माता झोपलेल्या मुलीला उचलून घेई, गोंजारून जागी करी आणि धडा देई. उडुपीच्या सभेत तिचे नाव वादविषय म्हणून निघाले. तिचे म्हणणे कोणी विचारले नाही. अपत्यसंगोपनाच्या इतिहासात समर्थनाची नोंद राहते, श्रमाची राहत नाही. रमाबाईंनी ही चूक केली नाही. मनोरमेच्या शिक्षणावरून वाँटेजशी वाद झाला त्याच वर्षांच्या ओघात, १८८७ साली, त्यांचे हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांनी सभा जिंकणाऱ्या पित्याला अर्पण केले नाही. पहाटे उठविणाऱ्या आईच्या स्मृतीला अर्पण केले.